अंधारकाकूंचा कोपरा

काकूंच्या कोपऱ्यात पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास कशाला तरी धडकायचा. कुणी पाण्याच्या पिंपाला, कुणी सांडशा टांगलेल्या खुंटीला. मग आतून आवाज यायचा, "डोळे घरी विसरलात का?" आणि येणारा होता तिथेच उभा राहायचा. बाकी कारखान्याला खिडक्या होत्या, दिवे होते, पंखासुद्धा होता. भट्टीचा कोपरा तेवढा काळोखाचा. लग्न झाल्यापासून काकूंनी तिथे उभं राहून पितळ तापवलं आणि लग्न झाल्यापासून रोज त्या काळोखाच्या नावाने बोटं मोडली. लोक त्यांना अंधारकाकू म्हणायला लागले ते त्यावरूनच. नाव ठेवलं होतं चेष्टेने, पण काकू ते मिरवायच्या. "हो, मीच अंधारकाकू. काय काम आहे?"

कारखाना म्हणजे एक लांबट शेड. तिथे वाद्यांचे कर्णे व्हायचे. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, बिगुल यांचं पुढचं फुलासारखं उघडलेलं तोंड असतं ना, तो कर्णा. बाकीच्या नळ्या, बटणं, जोडकाम हे सगळं करायला वाद्यवाले मास्तर समर्थ होते. त्यांचं दुकान पलीकडच्या रस्त्यावर होतं. कर्णा मात्र काका-काकूंकडूनच यायचा, आणि तो मास्तरांच्या वडिलांच्या वेळेपासून येत होता.

काम दोघांचं. काका लेथवर, म्हणजे पत्रा फिरवणाऱ्या यंत्रावर. पितळेचा पत्रा साच्यावर चढवायचा, लेथ गरगर फिरायला लागला की लांब दांड्याचं हत्यार काखेत दाबून अख्ख्या अंगाचा भार त्याच्यावर टाकायचा, आणि पत्रा हळूहळू साच्याला चिकटवत न्यायचा. बघणाऱ्याला वाटावं, लोणी फासतायत. पण पितळ थोडा वेळ ऐकतं आणि मग हट्टाला पेटतं. जितकं दाबाल तितकं ताठ होतं. तरीही रेटलं तर कडेला फाटतं. म्हणून मध्येच थांबायचं आणि कर्णा काकूंकडे द्यायचा. काकू तो तापवून पुन्हा मऊ करणार, मग काका पुढचा टप्पा दाबणार. एका कर्ण्याच्या अशा कितीतरी फेऱ्या व्हायच्या. यांनी ताठ करायचं, त्यांनी मऊ करायचं. "संसारात मात्र उलटं आहे," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, आणि काका मान खाली घालून हत्याराला तेल लावत बसायचे.

किती तापवायचं याचं माप कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते काकूंच्या डोळ्यांत होतं. सासूबाईंनी त्यांना भट्टीपुढे उभं करून शिकवलं होतं, की पितळ आधी रंग बदलतं, मग जरा वेळ गप्प बसतं, आणि मग आतून एक लाल वर येतो. पेटलेला लाल नव्हे, रागावलेला नव्हे. आहे की नाही असं वाटावं इतकाच. तो दिसला की सांडशी बाहेर. तेव्हा नव्या सुनेने विचारलं होतं, "पण इथे एवढा अंधार कशाला?" सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात भट्टीला उजेड दाखवत नाहीत." का, ते त्यांनाही ठाऊक नसावं. त्यांना त्यांच्या सासूने तसंच सांगितलं असेल. घराच्या रीती अशाच असतात, कारण वाटेत कुठेतरी गळून पडतं आणि रीत तेवढी पुढे येते. काकूंनी आपल्या परीने कारण लावून घेतलं, की कामाचं गुपित शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेला पडू नये म्हणून असेल. आणि मग त्या खुशाल कुरकुरत राहिल्या.

नम्रपणा काकूंना कधी जमला नाही, आणि त्यांनी तसा प्रयत्न केल्याचंही ऐकिवात नाही. "माझ्या हाताखालून गेलेला कर्णा फाटलेला दाखवा, तुमच्या घरी येऊन भांडी घासते," असं त्या छातीठोकपणे सांगायच्या. अजून कुणाच्या घरची भांडी त्यांनी घासली नव्हती. मास्तरांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात चकचकीत ट्रम्पेट मांडलेली असायची. त्या रस्त्याने जाताना काकू न चुकता थांबायच्या आणि सोबत जो कुणी असेल त्याला म्हणायच्या, "तोंडं बघितलीत का त्यांची? आमची आहेत." सोबत कुणी नसेल तर रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही सांगायला कमी करायच्या नाहीत.

मग लेकीचं बाळंतपण आलं आणि काकू काही आठवडे तिच्याकडे गेल्या. इकडे काका एकटे. काका बोलण्यातले नव्हेतच. आयुष्यभर त्यांनी बायकोची कुरकुर ऐकली आणि कधी उलट शब्द काढला नाही. उत्तर दिलं ते आता, आणि तेही न बोलता. भट्टीच्या वरचा छपराचा गंजका पत्रा काढून त्यांनी तिथे पारदर्शक पत्रा बसवून घेतला, आणि कोपऱ्याच्या काजळलेल्या भिंतींना स्वतःच्या हाताने पांढरा रंग दिला. काकू परत आल्या त्या दिवशी दाराशीच थबकल्या.

"ही कुणाची भट्टी?"

"तुझी," काका म्हणाले.

"आणि हे काय करून ठेवलंत?"

"तुला दिसावं म्हणून."

"म्हातारपणी सुचलं," काकू फणकारल्या. पण त्यांना एवढा आनंद झाला होता की त्या दिवशी त्यांनी तो कोपरा दोनदा झाडला आणि दुपारचा चहाही तिथेच, उजेडात स्टूल टाकून घेतला. दुसऱ्या दिवसापासून काम सुरू. सगळं झकास होतं. एक गोष्ट तेवढी खटकायची, की पितळाला लाल यायला हल्ली वेळ लागायचा. "गॅसला पूर्वीसारखा दम राहिला नाही," काकू म्हणायच्या आणि भट्टीची ज्योत आणखी वाढवायच्या.

त्या खेपेचे कर्णे मास्तरांकडे गेले, आणि थोड्याच दिवसांत मास्तर स्वतः खोकं उचलून कारखान्यात आले. असं आजवर कधी झालं नव्हतं. त्यांनी खोकं लेथशेजारच्या फळीवर ठेवलं आणि नुसतेच चुळबुळत उभे राहिले.

"काकू, राग मानू नका."

"राग मानायचा की नाही ते मी ठरवते. दाखवा."

मास्तरांनी एकेक कर्णा काढून मांडला. आधी काकूंना वाटलं, यांनी घासायचा आळस केलाय. मग त्यांनी बोट फिरवलं. जिथे कर्णा सगळ्यात जास्त उघडतो, तिथे त्याचं अंग खडबडीत झालं होतं. हुबेहूब संत्र्याची साल. मास्तर म्हणाले, कितीही घासलं तरी जात नाही, घासून घासून पत्राच पातळ व्हायला लागलाय. आणि खोक्याच्या तळाशी दोन कर्णे होते, ते तर मास्तरांकडे कडेत तार घालून ती दुमडताना उभे फाटले होते. ते काढताना मास्तरांनी काकूंकडे बघायचं टाळलं.

"पुढची खेप बघतो," ते म्हणाले. "तीही अशीच निघाली तर मला दुसरीकडे बघावं लागेल. माझ्याही नावाचा प्रश्न आहे ना, काकू." त्यांचं काही चुकत नव्हतं. पण जाता जाता त्यांची नजर काकूंच्या चष्म्यावर जरा जास्त वेळ रेंगाळली, आणि काकूंना फाटक्या कर्ण्यांपेक्षा ते जास्त झोंबलं.

कारखान्याची बाहेरची कामं बघायचा तो त्यांचा मुलगा. तो रात्री जेवताना सावकाश म्हणाला, "आई, विजेची भट्टी बघून येऊ का? आकडा लावला की तेवढीच तापते, वर जात नाही. तूही आता जरा आराम कर."

"आराम मेल्यावर," काकू म्हणाल्या. एरवी त्या यावर तासभर बोलल्या असत्या. त्या दिवशी तेवढंच बोलून ताटावरून उठल्या. मुलाने काही वाईट मनाने म्हटलं नव्हतं, हे त्यांना कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त लागलं.

कारण काकू आता घाबरल्या होत्या. कर्णे फाटले याचं दुःख होतंच, पण भीती वेगळी होती. डोळेच गेले असतील तर? भट्टीपुढून उठवलं तर काकू म्हणजे कोण? नुसती एक तोंडाळ म्हातारी. त्या गुपचूप चष्म्याच्या दुकानात जाऊन आल्या. तिथल्या माणसाने एकेक डोळा झाकून अक्षरं वाचायला लावली. काकूंनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. "वयाच्या मानाने उत्तम आहेत," तो म्हणाला. काकूंचं समाधान झालं नाही. अक्षरं दिसतात हो, पण तो लाल दिसतो का, हे या बापड्याला काय कळणार?

सूनबाई हे सगळं बघत होती. ती एका मोठ्या कारखान्याच्या तपासणी विभागात होती. तिथे यंत्रांचे मोडलेले भाग यायचे, आणि ते का मोडले हे ती त्यांचा तुकडा कापून, सूक्ष्मदर्शकाखाली, काकूंच्या भाषेत दुर्बिणीखाली, ठेवून सांगायची. काकू तिला 'मोडक्यांची डॉक्टरीण' म्हणायच्या, आणि तीही काही कमी नव्हती, ती काकूंना 'लाल सिग्नल' म्हणायची. दोघींचं जमायचं ते त्यामुळेच. एका सकाळी ती म्हणाली, "आई, अंदाज बांधत बसण्यापेक्षा आत बघू या ना. मला फाटलेल्या कर्ण्याचा एक तुकडा द्या. आणि एक चांगल्या कर्ण्याचाही लागेल, ताडून बघायला."

चांगला कर्णा म्हणजे जुना, आणि जुना घरात एकच होता. काकूंनी सासूबाईंच्या मदतीशिवाय तापवलेला पहिलावहिला कर्णा. तो हातातून पडून चेमटला होता म्हणून विकला गेला नाही, आणि तेव्हापासून स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. त्यात काकू पळ्या-चमचे ठेवायच्या. त्यांनी पळ्या ओट्यावर काढून ठेवल्या आणि कर्णा सुनेच्या हातात दिला.

"तो कशाला कापायचा?" काका दारातून म्हणाले.

"कापू दे. मी काय होते ते तरी कळेल."

सुट्टीच्या दिवशी सून त्यांना आपल्या कामाच्या ठिकाणी घेऊन गेली. स्वच्छ, गार खोली. टेबलावर दोन गोळ्या ठेवलेल्या, औषधाच्या गोळीहून बऱ्याच मोठ्या, आणि प्रत्येकीत पितळेचा एक छोटा तुकडा चिणलेला. सुनेने ते आधीच घासून आरशासारखे केले होते. मग तिने काकूंसमोर त्यावर आम्ल लावलं, लगेच धुतलं, वाळवलं. आरसा क्षणात मंद झाला. "अगं, एवढं घासलंस आणि घालवलंस की," काकू हळहळल्या. "आरशात आपलंच तोंड दिसतं, आई. आतलं दिसायला आम्लाने तो थोडा खावा लागतो," सून म्हणाली आणि तिने जुन्या कर्ण्याचा तुकडा दुर्बिणीखाली सरकवला.

काकूंनी डोळा लावला. आधी नुसताच पिवळा धुरळा. सुनेने चाक फिरवलं, आणि धुरळ्यातून दाणे वर आले. बारीक, एकाला एक खेटून बसलेले, कुणी फिकट, कुणी गडद, काहींच्या अंगावर सरळ पट्टे. मध्ये कुठे फट नाही. बघावं तिथे सारखेच.

"हे काय आहे?"

"पितळ. वरून एकसंध दिसतं, पण आत सगळं दाण्यांचं असतं. बाबा लेथवर दाबतात तेव्हा हे दाणे चेपतात, लांबट होतात, एकमेकांत अडकून बसतात. म्हणून पत्रा ताठ होतो. मग तुम्ही तापवता, तेव्हा त्या चेपलेल्यांच्या जागी नवे कोरे दाणे जन्माला येतात. असे बारीक. तिथेच थांबलं की पत्रा मऊही राहतो आणि चिवटही."

"आणि नाही थांबलं तर?"

"तर मोठे दाणे शेजारच्या लहानांना गिळत सुटतात."

"भाऊबंदकीच आहे म्हणायची," काकू म्हणाल्या, पण त्यांचा डोळा दुर्बिणीवरून हलेना. "हे मी केलंय?"

"तुम्हीच. आमच्या भट्टीतून असा एकसारखा दाणा निघाला की आमचे साहेब दिवसभर खूश असतात."

इतकी वर्षं काकू 'मऊ झालं' एवढंच म्हणत आल्या. मऊ होणं म्हणजे आत हे एवढं सगळं होणं, हे कुणी सांगितलं नव्हतं. दर वेळी, दर कर्ण्यात, या बारीक दाण्यांना जन्म देऊन त्या नेमक्या क्षणी थांबल्या होत्या. त्यांना फार अभिमान वाटला. इतका, की डोळ्यांत पाणी आलं आणि दुर्बिणीतलं सगळं पुसट झालं. "सासूबाईंना दाखवायला हवं होतं गं," त्या म्हणाल्या.

मग सुनेने दुसरा तुकडा ठेवला, फाटलेल्या कर्ण्याचा. त्याला समजवायची गरजच नव्हती. जिथे मघाशी दाण्यांची दाटी होती, तिथे आता चार-दोनच धटिंगण पसरले होते. सून हळूच म्हणाली, "दाणा एवढा मोठा झाला की पत्रा ताणताना प्रत्येक जण आपापल्या दिशेला सरकतो. ते वर उंचवट्यासारखं दिसतं. तीच तुमची संत्र्याची साल. आणि फाटलाही त्यामुळेच. हा फार तापलाय, आई. बराच जास्त."

म्हणजे डोळेच. काकू मागे सरून खुर्चीत बसल्या. झालं. एवढ्यात बघायला मिळालं आणि एवढ्यात गेलंही. सुनेला त्यांचा चेहरा बघवेना. काहीतरी करायचं म्हणून तिने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी पडद्यावर लावली. पण खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येत होतं, चित्रं फिकी, धुतल्यासारखी दिसत होती. "थांबा, खिडकीचा पडदा ओढते," ती म्हणाली आणि तिने तो ओढला. खोलीत काळोख झाला, आणि दोन्ही चित्रं पिवळीधमक होऊन समोर आली.

काकू ताठ बसल्या. "उघड गं तो."

"काय?"

"खिडकीचा पडदा. उघड." सुनेने उघडला. चित्रं फिकी झाली. "आता ओढ." चित्रं पुन्हा भडकली. "पुन्हा उघड." सूनबाईला वाटलं, आईंना धक्का बसला बहुतेक. पण काकूंचा आवाज आता एकदम नेहमीचा झाला होता. "तू मध्ये काही बदललंस का? चित्र तेच ना?"

"तेच आहे, आई. फक्त उजेड गेला."

"फक्त उजेड," काकू म्हणाल्या आणि हसायलाच लागल्या. "अगं, माझे डोळे कुठे गेले नाहीत. तुझ्या सासऱ्याने छप्पर उघडलंय."

सुनेला समजायला एक क्षण लागला. भर उजेडात तो बारीक लाल दिसतच नाही. तो दिसेपर्यंत काकू थांबायच्या, आणि तोवर पितळ कितीतरी पुढे गेलेलं असायचं. गॅसचा दम कमी नव्हता. सासूबाईंच्या सासूला कारण ठाऊक असणार, आणि मग ते कारण गेलं, रीत राहिली, आणि शेवटी उजेडाच्या कौतुकात तीही गेली.

दोघी घरी निघाल्या. जिभेवर आलेलं कधी न गिळणारी ही बाई वाटभर शब्द शोधत होती. काका कारखान्याच्या दाराशी वाट बघत उभे होते.

"काय निघालं?"

"छप्पर."

काकांनी वर बघितलं. "गळतंय?"

"गळत नाही. उजेड येतोय," काकू म्हणाल्या, आणि मग आडवळण सोडून त्यांनी सरळ सांगून टाकलं. "तुम्ही केलंत ते माझ्यासाठी केलंत. मला आवडलंही. पण त्या उजेडात मला माझा लाल दिसत नाही हो." काका लेथशी जाऊन बसले आणि स्वच्छ असलेलं हत्यार पुसत राहिले.

पण काकूंना नुसतं म्हणणं पुरेसं नव्हतं. मुलासमोर सिद्ध करायचं होतं. सुनेने तापमान दाखवणारं एक यंत्र काही दिवसांसाठी मागून आणलं. ठरलं असं, की काकू नेहमीसारखं तापवणार, लाल दिसला की "आता" म्हणणार, आणि काट्याकडे मुलगा बघणार. आधी उघड्या छपराखाली. काटा कुठच्या कुठे गेला. वर सूर्यासमोर ढग आला तेव्हा जरा अलीकडे थांबला, ऊन पडल्यावर पुन्हा पलीकडे. मग मुलाने शिडी लावून छपरावर ताडपत्री टाकली, भिंतींवर काळं कापड लावलं. काळोख झाला. काकूंनी सांडशी धरली, पाय रोवले आणि वाट बघितली. गप्प. गप्प. "आता." दुसरा पत्रा. "आता." तिसरा. "आता."

मुलगा काट्याकडे बघत राहिला. दर वेळी तो जवळजवळ त्याच जागी येऊन थांबला होता. "आई," तो म्हणाला, "तुझ्या डोळ्यांत काटा बसवलाय का?"

"तुझ्या आजीने बसवला," काकू म्हणाल्या. "आणि आता ती विजेची भट्टी आणायचीच असेल तर खुशाल आण. पण आकडा कुठे लावायचा ते मला विचारायला यावं लागेल." मुलगा हसला. त्यालाही मनातून हेच हवं होतं.

अर्धवट झालेले काही कर्णे अजून कारखान्यात पडून होते, तेही जास्त तापलेलेच. ते भंगारात घालायचं चाललं होतं. सूनबाई म्हणाली, यांना अजून दाबायचं बाकी आहे ना, मग वाचतील. नुसतं तापवून दाणा बारीक होत नाही, आधी त्याला चांगलं चेपावं लागतं. मग काकांनी जपून, थोडं थोडं करत ते दाबले, काकूंनी काळोखात तापवले, आणि सुनेने एकाची कड कापून दुर्बिणीखाली बघितली. घरात शिरताशिरताच ती म्हणाली, "बारीक आहे." काकूंनी ऐकू न आल्यासारखं केलं, म्हणजे तिला पुन्हा म्हणावं लागेल.

खेप मास्तरांकडे गेली. मधले दिवस काकूंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. त्या मास्तरांच्या दुकानाच्या रस्त्याने गेल्याच नाहीत, भाजीलासुद्धा लांबचा वळसा घातला. शेवटी मास्तर आले, आणि या वेळी त्यांच्या हातात खोकं नव्हतं, एक तयार ट्रम्पेट होतं. त्यांनी ते ओठांना लावलं आणि एकच लांब सूर धरला. शेडचे पत्रे थरथरले, रस्त्यावरची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. सूर संपला तरी कर्णा थोडा वेळ गुणगुणत होता. मास्तरांनी तो काकूंपुढे धरला. काकूंनी त्याच्या अंगावरून बोट फिरवलं. कुठे खरखर नाही, कुठे उंचवटा नाही.

"काय बदललंत, काकू?"

"काहीच नाही. मध्ये बदललं होतं, ते परत होतं तसं केलं."

"पुढच्या खेपेचं कधी सांगू?"

"आत्ता सांगा," काकू म्हणाल्या आणि दारातल्या त्या दोन अनोळखी माणसांकडे वळल्या. "तोंड बघितलंत का त्याचं? आमचं आहे."

मास्तर गेल्यावर काका शिडी घेऊन आले. ताडपत्री किती दिवस ठेवायची, तो पारदर्शक पत्रा काढूनच टाकतो, म्हणाले. दोन पायऱ्या चढले आणि तिथेच थांबले. पाठ काकूंकडे. मग भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, "मला वाटलं, मला दिसत नाही तर तुलाही दिसत नसणार."

"तुम्हाला काय दिसत नाही?"

"कड. हल्ली हाताने चाचपून दाबतो."

काकू सांडशी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आहे की नाही अशा लालाला ओळखणारी त्यांची नजर, आणि रोज हाताच्या अंतरावर उभा असलेला हा माणूस कर्णा दारातल्या उन्हात नेऊन का बघतो, कड दाबायच्या आधी अंगठा दोनदा का फिरवतो, हे तिला दिसलं नव्हतं. आणि न दिसताही काकांनी दाबलेला एकही कर्णा वाकडा झाला नव्हता. काकूंना वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त त्या माणसाचा अभिमान वाटला. तो अभिमान नेहमीप्रमाणे रागाच्या वाटेने बाहेर आला.

"खाली उतरा आधी," त्या म्हणाल्या. "दिसत नाही आणि शिडीवर चढताय. आणि इतके दिवस तोंडाला काय कुलूप होतं?" काका उतरले. काकूंनी मुलाला हाक मारली आणि तो पत्रा भट्टीवरून काढून लेथच्या बरोबर वर बसवायला सांगितला. दुसऱ्या दिवशी काकांना चष्म्याच्या दुकानात नेलं, ओळी वाचताना मागे उभ्या राहून पाठराखण केली आणि एक ओळ हळूच सांगूनही टाकली, तेव्हा दुकानातल्या माणसाने त्यांना बाहेर बसवलं.

आता कारखान्यात गेलात तर भट्टीच्या कोपऱ्यात अजूनही धडकाल. भिंती पुन्हा काळ्या केल्यात. पलीकडे लेथवर मात्र वरून लख्ख उजेड पडतो, आणि तिथल्या भिंतीवर कापलेला जुना कर्णा टांगलेला आहे. त्याच्या शेजारी सुनेने मोठं करून चौकटीत लावलेलं चित्र आहे, बारीक पिवळ्या दाण्यांचं. काकू प्रत्येकाला हाताला धरून तिथे नेतात. "हे माझे दाणे," असं सुरू करतात, सासूबाईंपासून भाऊबंदकीपर्यंत सगळं सांगतात, स्वतःच्या डोळ्यांचं कौतुक करताना जरा हात आखडत नाहीत. आणि अगदी शेवटी, पाहुणा निघायला लागला की, लेथकडे बोट करून म्हणतात, "पण यांनी आधी दाबलं नसतं ना, तर यातला एकही जन्माला आला नसता." काका मान खाली घालून हत्याराला तेल लावत असतात. पूर्वीही लावायचे. आता उजेडात ते हसताना दिसतात.